विचारून घेतलेलं माप

शिवणाच्या बाई चालायला लागल्या की मागच्यानं पळायचं असतं, असं त्या शाळेत सगळे म्हणत. गळ्यात मापाची टेप, बोटांना खडूची पूड, ओठांत एखादा दोरा विसरलेला. बावीस वर्षं त्या शिवण शिकवत होत्या. आठवी-नववीच्या मुलींना शिकवत आणि मुलांनाही. त्यांचं म्हणणं असं, की बटण तुटतं ते मुलगा-मुलगी बघून तुटत नाही.

शिवणाची खोली इमारतीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून होती. आत अकरा मशिनं, त्यांतली दोन कायमची आजारी. एक लांब टेबल, त्यावर कात्रीचे चरे. भिंतीला एक आरसा, त्याचा कोपरा उडालेला. मशीनच्या तेलाचा वास उन्हाळा-हिवाळा तिथंच मुक्कामाला. बाईंचा वेळ घरापेक्षा या खोलीतच जास्त जायचा.

बाईंचे वडील शिंपी होते. रस्त्याच्या कडेला दहा फुटी दुकान. पुढे गिऱ्हाईक, मध्ये मशीन, आणि मशीनच्याही मागे वही मांडीवर घेऊन बसलेली ही पोर. गिऱ्हाईक आलं की वडील टेप उचलायचे, पण अंगाला लावायच्या आधी हळू विचारायचे, "माप घेऊ का?" कुणी हसून म्हणे, "अहो, मापच द्यायला आलोय, विचारताय काय!" तर ते म्हणत, "कापड हातात दिलंत. अंग अजून दिलेलं नाही." ही त्यांची एक रीत. दुसरी अशी, की घेतलेला आकडा खणखणीत आवाजात सांगायचा, म्हणजे खडखडाटातूनही मागे लिहिणाऱ्या पोरीला ऐकू जावा. "खांदा सोळा! बाही बावीस!" हळू विचारायचं, मोठ्यानं सांगायचं. दोन्ही रीती बाईंच्या हाडात मुरल्या. इतक्या, की आपण त्या कुठून तरी शिकलोत हेही त्या विसरल्या.

तर अशा या बाई. आणि एका सोमवारी वरून एक कागद आला.

नववीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास वाढत्या वयाबद्दल शिकवायचं, असं त्यात होतं. शरीर, लैंगिकता, संमती, एकमेकांशी आदरानं वागणं. मोठ्या सरांनी तो कागद शिक्षकांच्या खोलीत वाचला आणि टेबलावर ठेवला. मग तो तापलेल्या तव्यासारखा या हातातून त्या हातात फिरायला लागला.

विज्ञानाचे सर म्हणाले, "माझा निम्मा अभ्यासक्रम राहिलाय. शिवाय तो धडा मी पोरांना घरी वाचायला सांगतो. दरवर्षी सांगतो."

"वाचतात?"

"तोच एक वाचतात."

खेळाचे सर म्हणाले, "मला आपलं मैदानावर राहू द्या. तिथं वारा असतो." गणिताच्या बाई चष्मा पुसत राहिल्या, काच झिजेपर्यंत.

मोठे सर शिवणाच्या बाईंकडे वळले. "बाई, तुमच्या खोलीचं दार नीट लागतं."

"म्हणून?"

"आणि तुमचं काम तसंही अंगाशीच येतं."

सगळे हसले. बाईही हसल्या आणि कागद ओढून घेतला. "द्या इकडे. एवढी शिकलेली माणसं एका कागदाला भितात, म्हणजे त्यात काहीतरी कामाचं असणार."

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर अवयवांची नावं लिहिली. आडवळण नाही, आडोसा नाही. जशी कॉलर, बाही, खिसा ही नावं लिहीत तशीच. वर्गात हसू फुटलं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. "हसून घ्या. दोन मिनिटं दिली. मध्ये थांबायचं नाही."

अडतीस पोरं हसायला लागली आणि चाळीसाव्या सेकंदाला हसू आटलं. पुरती दोन मिनिटं हसणं किती जड असतं ते त्यांना तेव्हा कळलं. "संपलं?" बाई म्हणाल्या. "आता शिकू."

बटणांचा मोठा डबा त्यांनी रिकामा केला आणि दाराशी ठेवला. ज्याला तोंडानं विचारता येत नाही त्यानं चिठ्ठीवर लिहावं. चिठ्ठ्या पडायला लागल्या. झोपेत कपडे ओले होतात, हा आजार आहे का? पाळी एक महिना आलीच नाही तर घाबरायचं का? माझ्या सगळ्या मित्रांना कुणी ना कुणी आवडतं, मला कुणीच नाही, माझ्यात काही कमी आहे का? तो फोटो मागतो, नाही दिला तर बोलणं बंद करीन म्हणतो, काय करू? त्या शेवटच्या चिठ्ठीवर बाई अख्खा तास बोलल्या. "जो फोटोच्या बदल्यात बोलतो," त्या म्हणाल्या, "त्याचं बोलणं बंद झालं तर कान धुतल्यासारखे मोकळे होतील. आणि फोटो गेलाच असेल, तर गुन्हा मागणाऱ्याचा आणि पसरवणाऱ्याचा. देणारीनं तोंड लपवायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. कुणीच नसेल तर मला."

पोरं कान देऊन ऐकायला लागली. मग एका तासाला वर्गातला रेडिओ उभा राहिला. त्याला रेडिओ म्हणत कारण तो बंद व्हायचा नाही.

"बाई, समजा ती हो पण म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. तर काय समजायचं?"

"समजायचं नाही. विचारायचं."

"पण विचारायचं कसं? लाज वाटते ना."

बाईंच्या हाताला टेप लागली. हे तर घरचंच काम! त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि पुढच्या बाकावरच्या टाचणीला बोलावलं.

टाचणी म्हणजे उंच, काटकुळी, खाली मान घालून चालणारी मुलगी. नाव पोरांनी ठेवलेलं, पण तिनंही ते घालून घेतलं होतं. बाकी शाळेत तिचा आवाज कुणी ऐकला नसेल, पण मधल्या सुट्टीत ती शिवणाच्या खोलीत यायची, खिडकीजवळच्या मशीनवर बसायची आणि गुणगुणायची. तिनं शिवलेली कॉलर अशी बसे की बाईंनी उलटी करून टाका शोधावा. शाळा संपली की शिवणाचा पुढचा कोर्स, आणि मग स्वतःचं दुकान, पाटी निळी. एवढं सगळं तिनं फक्त बाईंना सांगितलं होतं.

"माप घेऊ का?" बाईंनी विचारलं.

टाचणीनं एकदा वर्गाकडे पाहिलं, एकदा टेपकडे. "हो बाई."

"बघा," बाई वर्गाला म्हणाल्या, "विचारलं. तिनं हो म्हटलं. आता हात पुढे. मध्येच नको म्हणाली तर थांबायचं. यात लाज कसली?" आणि टेप लावली. खांदा झाला, बाही झाली, मग छाती आणि कंबर. प्रत्येक माप घेतलं की बाई वर्षानुवर्षांच्या सवयीनं खणखणीत आकडा सांगत होत्या, आणि फळ्याजवळ उभा असलेला रेडिओ तो मोठ्या अक्षरांत लिहीत होता. चार मापं, चार आकडे.

वर्ग अगदी शांत होता. बाईंना वाटलं, धडा पोचला.

खिडकीतून मोठ्या सरांनीही पाहिलं होतं. ते खूश झाले. वरच्या ऑफिसला त्यांनी कळवलंसुद्धा, की आमच्याकडे टेप घेऊन संमती शिकवतात.

पुढच्या आठवड्यात टाचणी तासाला नव्हती. मधल्या सुट्टीतही खिडकीजवळचं मशीन झाकलेलं राहिलं. बाईंनी विचारलं तर कुणी म्हणालं, पोटात दुखतंय. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणालं, ती वाचनालयात बसते. बाई वाचनालयाच्या दारापर्यंत गेल्या. टाचणी पुस्तक उभं धरून त्यामागे बसली होती. बाईंना पाहून तिनं पान उलटलं, दोनदा, उलट्या बाजूला.

बाईंच्या मनाला काटा लागला तो तेव्हा. कुठं रुतलाय ते कळेना.

कळलं घरी. बाईंचे यजमान शाळेची बस चालवत. संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "अगं, माझ्या बसमध्ये नवीन खेळ निघालाय. एक पोरगं एकपासून मोजायला लागतं, मग सगळी मोजतात. वीस, एकवीस, करत करत जातात आणि एका आकड्याच्या आधी थांबतात. मग हसतात. कसला खेळ आहे कुणास ठाऊक."

"कुठल्या आकड्याच्या आधी?"

त्यांनी आठवून सांगितलं. बाईंनी बशी खाली ठेवली.

"आणि टाचणी?"

"ती उंच मुलगी ना? ती आता पार मागे बसते. परवा तर दोन थांबे आधीच उतरली, चालत गेली."

फळ्यावर चार आकडे होते. त्यांतला कुठला पोरांनी उचलला, हे सांगायला नको.

बाई उठल्या. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात. यजमानांच्या शर्टाची चांगली असलेली शिवण त्यांनी उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली.

"बस गं जरा," यजमान म्हणाले. "फरशी झिजेल, आणि माझा शर्टही."

"मी तिला विचारलं होतं, अहो."

"मग झालं तर."

"झालं कुठं? माप घेऊ का, एवढंच विचारलं. ते गावभर सांगू का, हे कुठं विचारलं?"

बाई पुन्हा चालायला लागल्या. दुसरं काही तरी आत टोचत होतं, त्याहून खोल. बावीस वर्षांत, अशा शेकडो पोरांना विचारलं असेल आपण. माप घेऊ का, माप घेऊ का. एकानं तरी कधी नाही म्हटलंय? त्या आठवत राहिल्या. एक नाही. एकसुद्धा नाही. आणि ज्या प्रश्नाला बावीस वर्षांत एकच उत्तर येतं, त्याला प्रश्न कसं म्हणायचं? बाईंनी विचारलं, समोर अडतीस जण बसलेत, तर पंधरा वर्षांची पोर दुसरं म्हणणार काय?

सकाळी रेडिओ बसमधून उतरताच त्यांनी त्याला गाठलं.

"बसमध्ये मोजतोस ते तूच का?"

"सगळेच मोजतात बाई. गंमत आपली."

"ती हसते?"

"ती..." रेडिओचा आवाज उतरला. "ती काहीच म्हणत नाही."

"हो पण नाही आणि नाही पण नाही?"

रेडिओनं बुटाच्या टोकानं माती उकरायला घेतली. बाईंना त्याला आणखी झापता आलं असतं, पण त्या वळल्या. आकडे लिहिणारा हात याचा होता. सांगणारं तोंड कुणाचं होतं?

शनिवारी त्या टाचणीच्या घरी गेल्या. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं; पुढे टेबल, मागे पडद्याआड बिऱ्हाड. ओल्या कापडाची वाफ रस्त्यापर्यंत येत होती. बाई समोरच्या कडेला थांबल्या. आत जावं की नाही? या पोरीला विचारून तर आपण आलोच नाही. त्या परत वळणार तेवढ्यात आईनं पाहिलं.

"अगंबाई, शिवणाच्या बाई! या, या ना! ए, बाहेर ये बघू, बाई आल्यात तुझ्या!"

टाचणी पडद्यातून अर्धी बाहेर आली. आई हौसेनं सांगायला लागली, "ही घरी तुमचंच नाव काढते. हल्ली जरा गप्प असते, वय आहे ना. ए, बाईंशी बोल की, दगड आहेस का?"

बाई हळू म्हणाल्या, "त्या दिवशी मी आकडे मोठ्यानं सांगितले. ते माझं चुकलं. मला माफ करशील?"

"असू दे बाई."

"खरंच?"

"हो बाई. काही नाही झालं." तिची नजर दाराच्या चौकटीवर होती.

आई म्हणाली, "तेच तर. काय एवढं झालंय? बाई माफी कसली मागताय, लाजवताय का आम्हाला?"

बाई घरी निघाल्या, आणि निम्म्या वाटेत त्यांना ते 'हो बाई' ओळखू आलं. तेच होतं. वर्गातलं. आई शेजारी उभी, बाई दारात, आणि मध्ये ही पोर; तिनं दुसरं म्हणायचं काय? आपण माफीसुद्धा तशीच घेतली, जसं माप घेतलं. त्या दिवशी बाई घराच्या वळणावरून पुढे गेल्या, पार बाजारापर्यंत, आणि काही न घेता परत आल्या.

सोमवारी मोठ्या सरांनी बोलावलं. "बाई, गुरुवारी वरच्या ऑफिसातून साहेब येतायत. तुमचा तास बघायला, खास. तो टेपचा धडा घ्या."

"तो नाही घेणार सर."

"का?"

"तो चुकला होता."

"ज्याचं कौतुक झालं तो चुकला? बाई, कौतुक झालेलं चुकत नसतं."

"मुलीला त्रास झाला, सर."

मोठे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "ऐका माझं. साहेबांसमोर चुकलं म्हणालात तर हा तास जाईल. पालकांपर्यंत गेलं तर हातात टेप धरायचीही चोरी होईल. मग त्या डब्यातल्या चिठ्ठ्यांना उत्तरं कोण देणार? विज्ञानाचे सर?"

तीन दिवस बाईंनी मनात भाषण जुळवलं. सगळं सांगायचं: मी काय केलं, तुम्ही काय केलंत, कुणाला काय भोगावं लागलं. तास गेला तर गेला.

गुरुवारी साहेब भिंतीलगत खुर्चीवर बसले, मांडीवर फाइल. मोठे सर उभे. वर्ग एकदम इस्त्री केल्यासारखा. आणि सगळ्यात मागे, दाराजवळच्या बाकावर, टाचणी. साहेब येणार म्हणून वर्गशिक्षिकेनं तिला ओढून आणलेलं.

बाईंनी तोंड उघडलं. "मागच्या महिन्यात या खोलीत..." आणि त्यांची नजर मागच्या बाकावर गेली. टाचणीची मान आणखी खाली गेली, कपाळ बाकाला टेकेल इतकी. ही कबुलीसुद्धा तिच्याच अंगावरून जाणार होती. सगळा वर्ग मागे वळून बघणार होता. याला तरी तिला विचारलं होतं का?

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"या खोलीत," बाई म्हणाल्या, "मी बावीस वर्षं एक प्रश्न विचारते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. मला वाटायचं, मी चांगलं विचारते म्हणून. आता वाटतं, नाही म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. तर आज धडा उलटा. मी विचारणार, तुम्ही नाही म्हणायचं. जसं जमेल तसं. पण पाठ केल्यासारखं नको."

त्या पहिल्या बाकाशी गेल्या. "माप घेऊ का?"

तो मुलगा मोठ्या सरांकडे बघायला लागला. "घ्या... म्हणजे नको... म्हणजे तुमची इच्छा, बाई."

"माझी इच्छा मला माहीत आहे. तुझी विचारतेय."

"नको मग."

"बरं." बाईंनी टेप खाली केली आणि पुढे गेल्या. दुसरी म्हणाली, "आज नको बाई." तिसऱ्यानं नुसती मान हलवली, बाई म्हणाल्या, "तेवढंही पुरतं." एक मुलगी म्हणाली, "नको, मला गुदगुल्या होतात," आणि वर्ग हसला. एक जण इतक्या जोरात "नाही!" म्हणाला की साहेबांच्या पेनचं टोपण पडलं. कुणाला नाही म्हणताना घाम फुटला, कुणाला मजा वाटली, कुणी आधी "सॉरी" म्हणून मग नाही म्हणालं. बाई प्रत्येकाला तेच उत्तर देत होत्या. बरं. कारण विचारत नव्हत्या, तोंड पाडत नव्हत्या.

रेडिओ छाती काढून उभा राहिला. "घ्या की बाई! मला चालतं."

"घेते. पण आकडा मोठ्यानं सांगेन. फळ्यावर लिहीन. आणि तो सगळ्यांनी वापरायचा, बसमध्येसुद्धा."

रेडिओचा हात आपोआप पोटावर गेला. त्याचं पोट जरा सुटलेलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. "मग नको," तो म्हणाला, आणि बसला.

"बरं."

आता मागचा बाक राहिला. बाईंनी ठरवलं होतं, तिथून न विचारता वळायचं. त्या वळल्याही, तेवढ्यात टाचणी उभी राहिली. आवाज बारीक, पण अख्ख्या खोलीला ऐकू गेला.

"मला विचारू नका, बाई."

"नाही विचारणार."

"आणि मला इथं बसायचं पण नाही."

मोठे सर पुढे झाले. "ए! साहेब बसलेत समोर. बस खाली."

बाई त्यांच्या आणि त्या बाकाच्या मध्ये उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या वरिष्ठाच्या वाटेत उभ्या होत्या. "सर, जाऊ द्या तिला."

"बाई..."

"आत्ता आपण हेच शिकवतोय, सर. वर्गात हिलाच काय ते नीट आलं."

टाचणी गेली. दार आपटलं नाही. तिच्या चपलांचा आवाज टाकीपर्यंत गेला, मग जिन्याकडे, मग ऐकू येईनासा झाला. बाईंच्या मनात आलं, गेली ती गेलीच. निळी पाटी गेली. कॉलर गेली. हे आपल्या टेपनं झालं.

तास संपल्यावर साहेबांनी विचारलं, "हे तुमच्या आराखड्यात होतं?"

"नव्हतं."

"मग?"

"मलाही आत्ताच कळलं, साहेब."

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. महिन्याभरानं शेरा आला: आशय चांगला, शिस्त कमी, यापुढे तासाला एक ज्येष्ठ शिक्षक हजर असावा. तो ज्येष्ठ शिक्षक म्हणजे विज्ञानाचे सर. ते मागे बसून तोंडासमोर वर्तमानपत्र धरत. पहिल्या तासाला ते कपाळापर्यंत होतं. तिसऱ्याला नाकापर्यंत आलं. पाचव्याला ते त्यावर चिठ्ठ्यांची उत्तरं टिपून घ्यायला लागले.

बसमधलं मोजणं काही त्याच दिवशी थांबलं नाही. यजमान रोज बातमी आणत. शुक्रवारी मोजलं. सोमवारी मोजलं, पण अर्ध्यात विरलं. मंगळवारी कुणीतरी एकपासून सुरू केलं तर रेडिओच म्हणाला, "गप रे, डोकं नको खाऊ." एवढंच. माफी-बिफी काही नाही.

बाईंनी मात्र आकडा सांगणं सोडलं. आता त्या टेप धरून मुलालाच दाखवत. ज्याचं माप त्यानंच वाचायचं, त्यानंच आपल्या वहीत लिहायचं. सवय जाता जात नव्हती. कितीदा तोंडातून "खांदा..." एवढं निसटे आणि त्या ओठ चावत. आणि मधल्या सुट्टीत त्या खिडकीजवळच्या मशीनवरचं कापड झटकत, पुन्हा घालत, दाराकडे बघत, आणि आपण बघतोय म्हणून स्वतःवरच चिडत. पोरीला बोलवायचं नाही, निरोप धाडायचा नाही, आईला सांगायचं नाही. काहीच करायचं नाही, हे काम त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

पाच आठवडे गेले. एका दुपारी त्या मशीनना तेल घालत होत्या आणि दारात सावली पडली.

"बाई, खिडकीजवळचं रिकामं आहे?"

"आहे."

"मी शिवते. पण तुम्ही काही बोलायचं नाही."

"बरं."

"बरं पण नाही."

बाईंनी तोंड मिटलं. टाचणीनं पिशवीतून कापड काढलं, मशीनवरचं आवरण घडी करून ठेवलं, सुई बदलली आणि बसली. दोन वीत शिवलं नसेल, तोच बाईंच्या कानाला कळलं. टाका सुटतोय. सुई उलटी बसलीय. खोलीच्या या टोकाला बसून, न बघता, नुसत्या आवाजावरून. त्यांची जीभ टाळूला चिकटेना. त्यांनी टेबलावरची बटणं रंगाप्रमाणे लावली, मग आकाराप्रमाणे, मग सगळी एकत्र केली. टाचणीनं शिवण उसवली, पुन्हा घातली. टाके पुन्हा सुटले. घंटा झाली. ती गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तीच सुई, तोच आवाज, करवतीसारखा बाईंच्या मणक्यातून जाणारा. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. टाकीवर एक पाखरू बसलं होतं. त्यांनी त्याला इतकं निरखलं की ते उडून गेलं.

तिसऱ्या दिवशी मशीन मध्येच थांबलं.

"बाई, हे टाके का सुटतायत?"

"सांगू?"

"सांगा."

"सुई उलटी बसलीय. सपाट बाजू तिकडे पाहिजे."

टाचणीनं वाकून पाहिलं. "परवापासून?"

"परवापासून."

"मग सांगायचं ना, बाई! माझी दोन मीटर दोऱ्याची वाट लागली!"

"तू बोलू नको म्हणालीस."

टाचणीनं बाईंकडे पाहिलं. बराच वेळ, सरळ, चौकटीकडे नाही की पुस्तकाआडून नाही. मग तिनं पेचकस घेतला, सुई काढली, फिरवून बसवली, स्क्रू आवळला आणि दोरा ओवला.

"आता परत गप्प बसा," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.